डावा काठ

सायकलला घंटी असती तरी उपयोग झाला नसता, असं जयवंताचं मत पडलं. ज्याच्या सायकलीला ब्रेकच नाही, त्यानं घंटी वाजवून करायचं काय?

शहापूरच्या कोष्टी बोळात त्या सकाळी असं धुकं होतं की समोरच्या यल्लव्वाआक्काचा कट्टासुद्धा दिसत नव्हता. जयवंतानं पहाटे उठून बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा लावला होता. साडीचे उभे धागे, हिरवेगार, दोन्हीकडं खुंट्यांना ताणलेले, खळ देऊन वाळत ठेवलेले. आता घोटभर चहा घ्यावा म्हणून ती वळली, आणि धुक्यातून एक सायकल आली. वर एक माणूस, मागं दोरीनं बांधलेली कापडाची मोठी गुंडाळी... आणि ते सगळं सरळ ताण्याच्या पोटात शिरलं.

धागे तटातट तुटले. एखादा नव्हे, दोन नव्हे – हातभर रुंदीचे!

“लागलं काय हो तुमाला?” खाली पडलेल्या माणसानं विचारलं. गुडघा फुटला होता त्याचा, आणि विचारत होता हिला.

“मला कशाला लागतंय? माझ्या ताण्याला लागलंय! डोळं कुठं ठेवून आलासा?”

“मागं,” तो म्हणाला. “हवालदार येत होता पाठीमागनं. त्याच्याकडं बघत आलतो... हद्दीचा दगड गेला का हो?”

“गेला की. पन्नास पावलं मागं.”

“मग सुटलो!” असं म्हणून तो माणूस हिरव्या धाग्यांत पडल्यापडल्या हसायला लागला. जयवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर ताणा तोडायचा, वर त्यातच लोळायचं, आणि हसायचं!

सुटलो म्हणण्यात मात्र तथ्य होतं. दगडाच्या पलीकडं बेळगाव, ते इंग्रजांचं. अलीकडं शहापूर, ते सांगली संस्थानचं. तिकडच्या हवालदाराला इकडं येऊन कुणाची मानगूट धरता येत नसे. त्यामुळं तिकडं काही भानगड केलेले लोक अधूनमधून धापा टाकत बोळात येऊन पडत. पण ताणा तोडणारा हा पहिलाच.

“मोडंल त्यानं सांधायचं,” जयवंता म्हणाली. “आमच्या बोळाचा नेम हाय. गाय शिरली तर गायीचा धनी बसतो. तुमचा धनी कोण?”

“कोण न्हाय,” तो उठून बसला. डोळ्यांवरचे केस मागं सारले. “मीच बसतो.”

“राख घ्या चिमटीत. दोन्ही टोकं जुळवा, पीळ द्या. गाठ नको.”

“एक टोक तुमी धराल?”

“मी कशाला? मोडणाऱ्यानंच दोन्ही टोकं धरायची.”

तो दोन दिवस बसला. धागा न् धागा सांधत, पाय आखडेपर्यंत. बोटं लांब होती आणि नखांत निळा रंग होता. पीळ मात्र असा देत होता की सांधा शोधून सापडू नये. जयवंताला ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी राग आला.

त्याचं नाव रवळनाथ. घरी रवळू. खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. मुंबईला चित्रकला शिकायला गेला आणि, गावाच्या मते, तिथंच वाया गेला. बेळगावात त्यानं आणि त्याच्या चार दोस्तांनी एक मासिक काढलं होतं. त्यात एका मास्तरीणबाईंनी स्वतःचं नाव घालून लिहिलं होतं की, बाईलाही पुरुषाची ओढ असते आणि ती तिनं बोलून दाखवली तर आभाळ कोसळत नाही. आभाळ कोसळलं नाही, पण बाईंची नोकरी गेली. त्या मंडळींतलं एक जोडपं तर लग्नाशिवायच एका खोलीत राहत होतं. आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर रवळूनं काढलं होतं पाठमोऱ्या, अंघोळ करणाऱ्या बाईचं चित्र. त्यावर सरकारी कचेरीतून नोटीस आली. बाकीच्यांनी माफी लिहून दिली. ह्यानं दिली नाही, म्हणून हवालदार मागं लागला.

“म्हंजे माफी मागवत न्हाय,” जयवंता सुताच्या कांड्या भरता भरता म्हणाली, “अन् तुरुंगातबी जाववत न्हाय. मग तुमचं धाडस हाय तरी कशात? सायकलीत?”

रवळू गोरामोरा झाला. त्यानं पुन्हा राखेत बोटं बुडवली. त्याच्याकडं उत्तर नसलं की तो फार छान दिसतो, हे जयवंताला त्याच वेळी लक्षात आलं. नसतं आलं तर बरं झालं असतं.

त्यानं यल्लव्वाआक्काचा माळा भाड्यानं घेतला. माळ्याची खिडकी उघडली की खाली थेट जयवंताचं माघर – मागाची खोली.

आणि माघरात तर झाकून ठेवण्यासारखी गोष्ट होती!

त्या बोळात बायकांनी कांड्या भराव्यात, ताणा लावावा, खळ शिजवावी; पण मागावर बसायचं नाही. माग बाप्याचा. जयवंताचे वडील परशराम – सगळ्यांचे आप्पा – बोळातले नावाजलेले विणकर. पण सात वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला, आणि एक दिवस आडवं सूत नेणारा धोटा हातातून सुटून खड्ड्यात पडला तो त्यांना सापडेना. त्या दिवशी दार लावून जयवंता मागाच्या खड्ड्यात उतरली आणि पाय सोडून विणायला बसली. तेव्हापासून दुपारी दार बंद, आणि माग चालू. लोक म्हणत, परशरामला विणताना कुणी आलेलं खपत नाही. जयवंता विणते हे कळलं असतं तर पंचांनी सूत बंद केलं असतं. पंचांच्या शब्दाशिवाय व्यापारी कुणाला सूत देत नसे. सूत बंद म्हणजे माग बंद. आणि मागाशिवाय जयवंताला करमलं नसतं, हे आप्पांनाही माहीत होतं. तिच्यासाठी आलेली तीन स्थळं त्यांनी कसली कसली कारणं सांगून परतवली होती.

चौथ्या दिवशी दुपारी ती विणत असताना बाहेर कुणीतरी गायला लागलं. गाणं कसलं – रेड्याला दमा झाल्यासारखा आवाज! ती कपाळाला हात लावून खड्ड्यातून वर आली, फटीतून बघते तर बोळाच्या तोंडाशी पंच मष्णूअण्णा काठी टेकत येत होते, आणि कट्ट्यावर रवळू आकाशाकडं बघत गात होता. तिनं आप्पांना धरून मागावर बसवलं. मष्णूअण्णा आले, चहा प्याले, गेले.

“तुमाला कसं कळलं?” तिनं संध्याकाळी विचारलं.

“ताणा सांधताना आप्पांनी राख समजून चहात बोटं बुडवली,” तो हळू म्हणाला. “अन् माग तर दुपारभर वाजतोय.”

“कुणाला सांगितलासा तर...”

“मी? माझ्यावर इस्वास कोण ठेवतंय? फक्त अण्णा आले की गाईन. चालंल?”

“दुसरं कायतरी करा की. खोका. शिट्टी मारा. ते गाणं नको!”

“गाणंच,” तो म्हणाला. “तेवढंच तुमी वर बघता.”

ती तरातरा आत गेली. चुलीवरचं दूध उतू गेलं होतं, तेही तिला यल्लव्वाआक्कानं सांगावं लागलं.

पुढं दोन महिने बोळानं ते गाणं सहन केलं.

मग एके दिवशी त्यानं साडी मागितली. चित्रात ठेवायला. विकायच्या साड्या देता येत नव्हत्या, त्यांच्या घड्या व्यापाऱ्याकडं जायच्या. जयवंतानं ट्रंकेतून स्वतःची काढली – हिरवी, लाल काठाची. तिनं स्वतःला नेसायला म्हणून विणलेली, पण अजून नेसली नव्हती.

“चित्रातली बाई नेसलेली असंल का ही?” तिनं संशयानं विचारलं.

“न्हाय... शेजारी दगडावर ठेवलेली असंल.”

“म्हंजे पुन्हा तसलीच बाई! इतकी चांगली साडी असून?” जयवंतानं डोक्यावर हात मारून घेतला. “तुमच्या चित्रातल्या बायकास्नी कापडाचं वावडं हाय काय हो? माझा धंदा बसंल अशानं.”

“साडीबी बघतीलच की लोक.”

“कोण बघतंय? बाईच बघणार.”

इथं तिचा अंदाज साफ चुकला.

चित्र पुरं झालं आणि रवळूनं जाहीर केलं की रविवारी सकाळी यल्लव्वाआक्काच्या पडवीत ते सगळ्यांना दाखवणार. शहापुरात त्याला कुणी नोटीस देत नव्हतं, म्हणून त्याला चैन पडेना. त्यानं म्हणे भाषणही पाठ केलं होतं – शरीराची लाज कुणी शिकवली, वगैरे. जयवंतानं त्याला परोपरीनं सांगितलं की बोळातली माणसं साधी आहेत, उगाच डिवचू नका. पण ऐकेल तर रवळू कसला!

रविवारी अख्खा बोळ लोटला. पुढं मष्णूअण्णा, चित्र फाडायच्याच तयारीनं आलेले. आप्पाही आले, जयवंताचा खांदा धरून. रवळूनं चादर ओढली.

नदीकाठी पाठमोरी बाई. ओले केस, उघडी पाठ, ऊन. शेजारी दगडावर टाकलेली हिरवी साडी, पदर पाण्याकडं झुकलेला.

मष्णूअण्णांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आणि वाकून निरखून बघू लागले... साडीकडं.

“ह्यो काठ परशरामच्या मागाचा,” ते म्हणाले.

“व्हय की,” मागून कुणीतरी म्हणालं. “ती रुईफुलं त्येचीच.”

“अवो अण्णा, बाई उघडी हाय की!” यल्लव्वाआक्कानं पदर तोंडाला लावला. “आपल्यातलीच कोण बसवली न्हाय न्हवं?”

“न्हाय गं. पाठ बघ तिची, सरळ सुळका. कोष्ट्याच्या घरातल्या बाईची पाठ अशी ऱ्हाती व्हय? मुंबईची असंल कोणतरी. तू काठ बघ, काठ!”

शरीराच्या लाजेवरचं भाषण रवळूच्या घशातच राहिलं. कुणी विचारीना. सगळे कोष्टी दाटीवाटीनं त्या दगडावरच्या साडीवर झुकले होते.

“पर ह्यो डावा काठ वडलाय,” मष्णूअण्णा म्हणाले. “उजवा सैल, डावा घट्ट. चुण्या पडल्या हाईत बघा.”

जयवंतानं चमकून काठाकडं बघितलं. ती डावरी. तिच्या हाताला डावा काठ घट्टच यायचा. विकायची प्रत्येक साडी ती ओली करून, ताणून, पाट्याखाली दाबून सारखी करायची तेव्हा कुठं बाहेर जायची. ही तिची स्वतःची. हिला कोण दाबत बसतंय? आणि ह्या शहाण्यानं चुणी न् चुणी काढून ठेवली होती!

“परशराम,” मष्णूअण्णा वळले. “तू तर उजवा. तुझा डावा काठ कसा वडला गेला रं?”

“कुठं वडलाय? बघू...” आप्पा म्हणाले, आणि दोन पावलं पुढं होऊन कोऱ्या भिंतीकडं बघू लागले.

चित्र त्यांच्या डाव्या हाताला होतं. आप्पांनी भिंतीवरून हात फिरवला, काठ सापडेना तसा पुन्हा फिरवला. बापाकडं असं सगळ्यांनी बघावं, ह्यापेक्षा जमीन दुभंगली असती तर जयवंताला चाललं असतं.

“माझं चुकलं!” रवळू एकदम म्हणाला. “काठ मी मनानं काढलाय. साडी नीट बघितलीच न्हाय. खोटा हाय त्यो काठ... थांबा, आत्ता बुजवतो.” आणि त्यानं खरंच कुंचला उचलला, रंगात बुडवला.

जयवंता बघतच राहिली. कचेरीपुढं एका ओळीची माफी न लिहिणारा हा माणूस चार माणसांसमोर आपल्या चित्राला खोटं म्हणत होता. तिला त्या क्षणी तो इतका आवडला की दुखलंच आतून काहीतरी.

“हात काढ!” ती ओरडली. तुम्ही-बिम्ही सगळं गळून पडलं. “त्या काठाला रंग लावलास तर बोटं मोडीन तुझी. काठ बरोबर हाय, अण्णा. मी डावरी हाय. सात वर्षं झाली, माग मी चालवत्ये.”

“काय बोलत्यास पोरी?”

“गेल्या नवरात्रात देवीला नेसवली ती साडीबी माझीच. तुमीच म्हणालासा, परशरामचा हात दिवसेंदिवस सुधारायला लागलाय म्हणून.”

मष्णूअण्णा मटकन कट्ट्यावर बसले. मग जो गलका झाला तो विचारू नका. बाई मागावर! देवीची साडी! कुणी कानावर हात ठेवले, कुणी देवीची क्षमा मागितली. पाठमोऱ्या बाईकडं एकानंही वळून बघितलं नाही. उठताना मष्णूअण्णांनी निकाल दिला, “उद्यापास्नं ह्या घराला सूत न्हाय.”

पडवी रिकामी झाली. जयवंता रवळूकडं वळली.

“एक काठ तुला खोटा काढता आला न्हाय?”

“दिसला तसा काढला.”

“अन् मग सगळ्यांसमोर खोटं बोलायला निघालास, ते?”

“ते... तुझ्यासाठी.”

“मग आधीच बोलायचं न्हाय व्हय खोटं? चित्रात? मुकाट्यानं?”

रवळूनं कुंचला खाली ठेवला. मग म्हणाला, “चार वर्षं गाव पेटवायला बघतोय मी. उघडी बाई टांगली, तर गावानं काठ मोजला. अन् तू दोन वाक्यं बोललीस...” त्यानं मान हलवली. “तुझ्यापुढं मी कोण गं?”

तिला हसू आलं. रडायच्या वेळी हसू आणणाऱ्या माणसाचं करायचं तरी काय, तिला कळेना.

मार्ग आप्पांनी काढला. भिंतीला टेकून बसलेले ते शांतपणे म्हणाले, “दगडाच्या पलीकडं पंचांचं चालत न्हाय. तिथला व्यापारी काम बघून सूत देतो. यल्लव्वाच्या भाच्याचा गोठा तिथंच रिकामा हाय. माग उचला.”

“मागाला खड्डा लागंल आप्पा. कोण खणणार?”

“मी,” रवळू म्हणाला.

“पलीकडं हवालदार हाय!”

“असू दे. माझं धाडस कशात हाय, असं कुणीतरी इचारलं होतं. तवापास्नं उत्तर शोधतोय.”

तिसऱ्या दिवशी हवालदार आला तेव्हा रवळू गोठ्यातल्या कमरेइतक्या खड्ड्यात होता.

“वर ये,” हवालदार म्हणाला.

“आणखी वीतभर खणायचं हाय साहेब. पाय मोकळं सुटलं पाहिजेत तिचं. येवढं होऊ द्या.”

“अरे, पकडायला आलोय मी तुला!”

“पळतोय कुठं? खड्ड्यात हाय की.”

हवालदार बिचारा वैतागून काठावर टेकला. जयवंतानं त्याला चहा दिला. शेवटी फावडं वर देताना रवळू म्हणाला, “जयवंता... माझं मन बसलंय तुझ्यावर. ताणा तोडला त्याच दिवशी. सांगायचं ऱ्हाऊन गेलं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हवालदार चहाच्या कपात बघू लागला.

“खड्डा वाकडा झालाय,” ती म्हणाली. “उजव्या अंगाला.”

“तू डावरी. डावा हात मधोमध यावा म्हणून मुद्दाम काढलाय तसा.”

तो बाहेर आला, हातपाय झटकले, आणि हवालदाराबरोबर चालू लागला. तेव्हा ती मागून ओरडली, “माफी लिवून दिलास तर तोंड दाखवू नगंस!”

त्यानं लिहून दिली नाही. एक महिन्याची कैद झाली. जयवंतानं त्या महिन्यात सहा साड्या विणल्या, गोठ्याचं दार उघडं टाकून. रस्त्यानं जाणारे थांबून बघत आणि ती बघू देई. डावा काठ आता ती ताणून सारखा करत नसे. व्यापाऱ्यानं कुरकुर केली, मग तसलाच काठ मागू लागला. सगळं सुरळीत होतं. फक्त दुपारी कुणी गात नव्हतं, आणि ते तिला सहन होत नव्हतं. आठवण येते म्हणजे काय होतं, तर असल्या भिकार गाण्याचीही येते, ह्याचा तिला भारी वैताग आला.

तिसाव्या दिवशी तिनं रस्त्याकडेला ताणा लावला होता. आज धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं. तो चालत आला, केस बारीक कापलेले, गालफडं बसलेली. सायकल नव्हती. ताण्यापाशी थांबला, खाली वाकला, नीट बघून एक धागा बोटावर घेतला... आणि तट्दिशी तोडला.

“अरं!” जयवंता किंचाळली. “डोळं उघडं ठेवून तोडलास?”

“नेम काय हाय तुमचा?”

“मोडंल त्यानं सांधायचं. पर...”

“मग बसतो.” तो खाली बसला. “आज एक. उद्या एक. जल्मभर पुरलं पाहिजेत.”

ती कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. ओठ घट्ट मिटले होते, पण डोळे ऐकेनात.

“रोज एकच,” ती म्हणाली. “दुसरा तोडलास तर मी सोता हवालदाराला बोलवीन.”

आप्पांनी चाचपडत राखेची वाटी पुढं सरकवली. रवळूनं चिमूट घेतली. नेमाप्रमाणं मोडणाऱ्यानंच दोन्ही टोकं धरायची असतात. जयवंता त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि डाव्या हातानं धाग्याचं दुसरं टोक धरलं.